दुकटे साहेबांचा लघुग्रह

वेधशाळेत बाबांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं शेवटी शेवटी कुणी उरलं नव्हतं. तोंडावर ‘दुकटे साहेब’, पाठ वळली की नुसतं ‘दुकटे’. नव्यानं नोकरीला लागलेल्यांना तर ते त्यांचं आडनावच वाटायचं. एका बिचारीनं स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणावरही तेच लिहून आणून दिलं होतं.

हे नाव त्यांना भरसभेत मिळालं. पृथ्वीच्या बऱ्यापैकी जवळून जाणारा एक लघुग्रह त्यांनी त्या वर्षी सलग आठवडाभर दुर्बिणीतून टिपला होता. जवळून म्हणजे आकाशाच्या हिशेबानं जवळून. दुर्बिणीत तो नुसता ठिपकाच दिसायचा. पण त्या ठिपक्याचा उजेड दर रात्री दोनदा किंचित उतरायचा आणि पुन्हा मूळ पदावर यायचा. बाबांनी अर्थ लावला की हा दगड एकटा नाही. त्याच्याभोवती दुसरा एक लहान दगड फिरतोय आणि एकानं दुसऱ्याला झाकलं की उजेड उतरतो. असे जोडीनं फिरणारे लघुग्रह तेव्हा बोटांवर मोजण्याइतकेच ठाऊक होते. बाबांनी घाईघाईनं एका छोट्या नियतकालिकात टिपण छापून आणलं आणि मग वेधशाळेच्या सभेत विषय मांडला.

पहिल्या रांगेत तेव्हाचे संचालक बसले होते. सगळे त्यांना थोरले सर म्हणायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “फ्लॅट काढले होते?”

फ्लॅट म्हणजे कोऱ्या, सगळीकडून सारख्या उजळलेल्या पडद्याचा फोटो. कॅमेऱ्याच्या काचेवर कुठं धूळ बसलीय, कुठला कोपरा अंधारा आहे, ते त्यात दिसतं आणि खऱ्या फोटोंमधून तेवढी खोट काढून टाकता येते. काम कंटाळवाणं, पण ते केल्याशिवाय कुणी मोजमापावर विश्वास ठेवत नाही.

“काढले होते,” बाबा म्हणाले.

“कुठं आहेत?”

“संगणक बदलला तेव्हा पुसले गेले.”

सर हसले. “म्हणजे हा एकटा नाही, दुकटा आहे म्हणता? आदल्या दिवशी जरा जास्त झाली नव्हती ना?”

सभागृह खो खो हसलं. बाबा दारूला शिवतही नसत, पण विनोदाला त्याचं काय! त्यानंतर त्यांना दुर्बिणीवर वेळ मिळेनासा झाला. आधी आरसे धुण्याच्या कामावर देखरेख, मग ग्रंथालय, मग निवृत्ती.

घरी मात्र ती सभा कधी संपलीच नाही. जेवताना ताटात भाजी पडायच्या आत सरांचं नाव निघायचं. कोण कसं हसलं, कुणी मान खाली घातली, कुणी नंतर जिन्यात गाठून खोटं खोटं वाईट वाटून घेतलं, हे बाबांच्या दोन्ही मुलांना तोंडपाठ होतं. धाकट्यानं कंटाळून खगोलशास्त्राचं नावच टाकलं आणि तो औषधांच्या दुकानात बसायला लागला. थोरली मुलगी, जिला तो ताई म्हणायचा आणि म्हणून पुढं सगळेच ताई म्हणू लागले, ती उलट त्याच वाटेला गेली. बाबांच्या रागावरच ती शिकली, असं आई म्हणायची. ताई रेडारवाली झाली आणि बाबांच्याच वेधशाळेत लागली. दुर्बिणीनं ठिपका बघायचा आणि अर्थ लावत बसायचं, यापेक्षा आपणच लहरी पाठवून दगडाला विचारावं, हे तिला पटायचं.

वीसेक वर्षांनी तोच लघुग्रह फिरून पुन्हा जवळ यायचा होता. ताईनं दोन वर्षं आधीच रेडारवर वेळ मागून ठेवला.

“आता बघू कोण हसतंय,” बाबा म्हणाले. त्यांनी नवा चष्मा करून घेतला, जणू त्यांनाच बघायचं होतं.

रेडारला रात्रीची गरज नसते. भर दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, ताई आणि तिचे सहकारी गार खोलीत स्वेटर घालून बसले होते. मोठ्या तबकडीतून लहरी सोडायच्या, त्या लघुग्रहावर आदळून परत यायला दीडेक मिनिट लागतं, तेवढ्यात बोलणारी तबकडी ऐकायला लावायची. मग पुन्हा बोलायचं, पुन्हा ऐकायचं. परत येतं ते इतकं क्षीण असतं, की शेकडो वेळा ऐकलेलं एकावर एक रचल्यावर कुठं काही उमटतं. आणि उमटतं तो काही फोटो नव्हे. पडद्यावर वरून खाली अंतर असतं आणि आडवा असतो वेग: दगडाची कुठली बाजू फिरत आपल्याकडे येतेय, कुठली लांब जातेय ते.

पहिला दिवस नुसता धुरकट गेला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर रुंद, बाकदार कडेचा एक उजळ पट्टा आला. आणि त्याच्यापासून सुटा, खालच्या अंगाला, एक बारीक चकचकीत ओरखडा.

ताईच्या शेजारी वकील बसला होता. तो खरं तर दुर्बिणीवर काम करणारा, या मोहिमेत तिचा जोडीदार. प्रत्येक आकड्याची उलटतपासणी घेतो म्हणून त्याला वकील म्हणायचे.

“यंत्राचा दोष असेल,” वकील म्हणाला.

“असेल,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “मांडणी बदलून पुन्हा पाठवा.”

मांडणी बदलली. ओरखडा तिथंच. तासाभरानं तो थोडा सरकला होता, संध्याकाळपर्यंत आणखी. यंत्राचा दोष असता तर जागचा हलला नसता. तो दुसरा दगडच होता. लहान, स्वतःभोवती सावकाश फिरणारा, म्हणून असा बारीक दिसणारा, आणि मोठ्याभोवती घिरट्या घालणारा. खोलीत टाळ्या पडल्या. ताई बाहेर येऊन जिन्यात बसली आणि तिनं घरी फोन लावला.

“बाबा, दोन आहेत.”

पलीकडं टीव्ही बंद झाला.

“पुन्हा सांग.”

“दोन आहेत. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.”

“आईला सांग,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन आईच्या हातात दिला. आईनं नंतर सांगितलं, की ते आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि मोठ्यानं हसत राहिले. तिला भीती वाटली म्हणे.

आठवड्याच्या आत ती बातमी कानोकानी झाली. बाबांनी जुन्या सगळ्या सहकाऱ्यांना फोन केले, जे जिवंत होते त्यांना. जे नव्हते त्यांच्या बायकांनाही केले. आणि एका सकाळी थोरल्या सरांचाच फोन आला. ते आता काठी घेऊन चालत होते, पण आवाज तसाच खणखणीत होता. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “वेधशाळेत तुमचा सत्कार करायचा. मी बोलणार. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच परत घेणार.”

बाबांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली.

इकडं ताईच्या टेबलावर निराळंच काही चाललं होतं. रेडारच्या मोजमापावरून लहान दगडाची फेरी पक्की झाली. तिला दीड दिवसाच्या आसपास वेळ लागत होता. बाबांच्या टिपणात लिहिलं होतं, अर्धा दिवस.

“एवढा फरक?” ताई म्हणाली.

“फरक सोड,” वकील म्हणाला. त्यानं टेबलावरची बशी उचलून तिच्यासमोर धरली. “लहान दगड या बशीच्या कडेनं फिरतोय. मधे मोठा. आडवी धरली तर एक दुसऱ्याला झाकेल. पण तुझ्या वडिलांनी बघितलं त्या वर्षी आपण हिच्याकडे वरून बघत होतो. अशी.” त्यानं बशी उभी केली. “कोण कुणाला झाकणार? उजेड उतरायचं कारणच नव्हतं.”

“पण उतरला होता. त्यांनी मोजला होता.”

“म्हणून तर जुने फोटो मागवलेत मी.”

फोटो साठवणीत होते. वकिलानं ते नव्यानं मोजायला दोन दिवस घेतले, मग ताईला बोलावून खुर्ची दिली. फोटोंमध्ये तारे जागच्या जागी होते आणि लघुग्रह पुढं सरकत होता. तो चौकटीच्या कडेला पोचला की बाबा दुर्बीण हलवून त्याला पुन्हा पहिल्या जागी आणायचे. म्हणजे प्रत्येक वेळी तो त्याच वाटेनं जायचा. आणि त्या वाटेवर, चौकटीच्या मधोमध जरासं डावीकडं, काचेवर एक डाग होता. धुळीचा असेल, बोटाचा असेल. लघुग्रह त्या डागामागून गेला की उजेड उतरायचा. रात्रीतून दोनदा.

“फ्लॅट असते तर पाच मिनिटांत कळलं असतं,” वकील म्हणाला.

“पुसले गेले ना.”

वकिलानं तिच्याकडं बघितलं. “बाकी सगळं आहे, ताई. त्या आठवड्यातला एकूण एक फोटो आहे. फ्लॅट तेवढे पुसले जातील?”

रविवारी ती घरी गेली. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी सत्कारातलं भाषण पाठ करत होते. आई गॅसपाशी. ताईनं खुर्ची ओढली आणि आडवळण न घेता विचारलं.

“बाबा, तेव्हा फ्लॅट काढले होते का?”

“काढले होते.”

“मी सर नाही, बाबा.”

“मग सरांसारखं विचारतेस कशाला? काढले होते म्हणजे काढले होते.”

तिनं डागाचं सांगितलं, फेरीचं सांगितलं, बशीही धरून दाखवली. बाबा बशीकडं न बघता तिच्या हाताकडं बघत राहिले.

“दोन आहेत की नाहीत?” त्यांनी विचारलं.

“आहेत.”

“मी काय म्हणालो होतो?”

“दोन आहेत म्हणून.”

“मग झालं तर.”

“पण तुम्हाला ते दिसलं नव्हतं, बाबा. दिसूच शकत नव्हतं.”

“मला ठाऊक होतं!” बाबांनी टेबलावर हात आपटला. “आठवडाभर डोळ्याला डोळा न लावता बसलो होतो. तुला काय कळणार? आतून कळतं माणसाला.”

आईनं गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

ताईनं वाटेत येताना ठरवून ठेवलं होतं ते सांगितलं. या शोधावर ती लिहीत होती त्या पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधात, ती जुन्या टिपणाचा विषयच काढणार नव्हती. बरोबरही म्हणणार नाही, चूकही म्हणणार नाही. वकिलाला ती कसंबसं राजी करील. त्या फुटकळ नियतकालिकातलं टिपण कोण शोधायला जातंय? सत्कार होऊ दे. फक्त बाबांनी पेपरमधल्या उल्लेखाचा हट्ट धरायचा नाही.

“एवढंच करा. बाकी मी बघते.”

“तुझं तू बघ,” बाबा म्हणाले. तिला तो होकार वाटला. वकिलाशी तिला दोन दिवस भांडावं लागलं. शेवटी तो म्हणाला, “तुझ्याकडं बघून गप्प बसतो. पण मला कुणी थेट विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

सत्काराला सभागृह भरलं होतं. निम्मे लोक नवे होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. त्यांना समोरच्या खाण्याची घाई होती. थोरले सर काठी टेकत उठले. आपण एका प्रामाणिक माणसाची थट्टा केली, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदा फाटला. ताई दुसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या नखांकडं बघत होती.

मग बाबा उठले. पाठ केलेलं भाषण त्यांनी नीट म्हटलं. संपता संपता कागद घडी करून खिशात घातला आणि माइक धरूनच उभे राहिले.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “माझी मुलगी हा शोध लवकरच छापतेय. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असेल, की हा जोडलघुग्रह आधी कुणी शोधला. फ्लॅट कुठं आहेत विचारणाऱ्यांनी ती ओळ कापून भिंतीवर लावावी.”

टाळ्या पडल्या. बाबांनी ताईकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती की धमकी, हे तिला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

ती ओळ नक्की असेल, असं आत्ताच्या संचालकबाईंनी तिथंच माइकवरून आश्वासन दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला आणि वकिलाला बोलावून पेपरचा मसुदा मागितला. “यात वडिलांचा उल्लेखच नाही? चुकून राहिला का?”

वकील खिडकीबाहेर बघत राहिला. त्यानं शब्द पाळला होता, आता पाळी तिची होती. ताईला एक ओळ घालून मोकळं होता आलं असतं. बाईंना समाधान, बाबांना समाधान, सरांनाही. पण मग पुढं जो कुणी या लघुग्रहाची फेरी मोजायला बसेल, तो अर्धा दिवस आणि दीड दिवस हे दोन आकडे घेऊन डोकं धरून बसेल, आणि त्यातला एक आकडा खोटा आहे हे ठाऊक असून तिनं तो खऱ्याच्या पंगतीला बसवलेला असेल. तिनं बाईंना डागाचं सांगितलं. फ्लॅटचंही.

बाईंनी मसुदा मिटून बाजूला ठेवला. “काल सांगायला हवं होतंस,” त्या म्हणाल्या. “आता न लिहिणं शक्य नाही. दोनशे लोकांनी ऐकलंय. जे आहे ते लिही.”

तिनं लिहिलं. पहिल्या ओळीत नाही, पाचव्या पानावर. या लघुग्रहाला सोबती असल्याचा एक दावा पूर्वी झाला होता. तेव्हाचे फोटो नव्यानं मोजले असता उजेडातली घट कॅमेऱ्याच्या काचेवरच्या डागामुळं आल्याचं दिसतं. त्यामुळं तो दावा ग्राह्य धरता येत नाही. एवढंच. फ्लॅटबद्दल, खोटं बोलण्याबद्दल अक्षर नाही. ते वाक्य तिनं इतक्या वेळा सौम्य करून पाहिलं, की शेवटी वकीलच म्हणाला, “आणखी सौम्य केलंस तर त्याचा अर्थच उरणार नाही.”

छापून आलं त्या संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. “ताई, कुणीतरी बाबांना पाचवं पान पाठवलंय. फक्त पाचवं. ते सकाळपासून जेवले नाहीत.”

तिनं बाबांना द्यायला सांगितलं. फोनवर आई आली.

“एक वाक्य गं,” आई म्हणाली. “एवढ्या मोठ्या कागदात एक वाक्य तुला गाळता आलं नाही?”

“मी गाळलं होतं, आई. त्यांनीच सभेत...”

“ते बाप आहेत तुझे. ते काहीही बोलतील. तू गाळायचं.”

थोरले सर स्वतः तिच्या खोलीत आले. जिना चढून दमले होते, तरी बसायच्या आधीच बोलले. “मी तेव्हा बरोबर होतो. हे वाचून मला बरं वाटलं नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल.” मग खुर्चीत बसून ते काठीच्या मुठीकडं बघत राहिले. “पण मी भरसभेत माफी मागितली, ती आता कुणाकडून परत घेऊ?” ताईनं त्यांना पाणी दिलं.

पुढचे कितीतरी महिने बाबा तिच्याशी बोलले नाहीत. ती फोन करायची तेव्हा आई उचलायची आणि मागून टीव्हीचा आवाज वाढायचा. वेधशाळेतले जुने लोकही बाबांना फोन करायचे थांबले. हसायलासुद्धा कुणी फोन केला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं, असं धाकटा म्हणाला.

दरम्यान त्या लहान दगडाचं बारसं करायची वेळ आली. ज्यांनी शोधला त्यांनी नाव सुचवायचं असतं. वकिलानं सगळा अधिकार ताईला देऊन टाकला. तिनं एकच नाव लिहिलं, बाबांचं. दुकटे नव्हे, खरं. प्रस्ताव पाठवला आणि मग, आधी विचारायला हवं होतं हे लक्षात येऊन, सुट्टी काढून घरी गेली.

दार बाबांनीच उघडलं. ते वाळले होते. त्यांनी तिला आत घेतलं, खुर्ची दाखवली आणि पाहुण्याशी बसावं तसे समोर बसले. तिनं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“तो मी बघितला नव्हता असं तू लिहिलंस.”

“हो.”

“मग त्याला माझं नाव कशाला? तुला वाईट वाटू नये म्हणून?”

“मला वाटलं, तुम्हाला...”

“हसले होते ते लोक बरे होते,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ताईला रागच हवा होता. “त्यांनी निदान मला गरीब बिचारा समजून काही दिलं नाही. काढून टाक ते.”

“बाबा, तुमचा आठवडा वाया गेला नव्हता. तुमच्यामुळंच मी या दगडाकडं बघितलं.”

“ते लिहिलंस का कुठं?”

तिनं लिहिलं नव्हतं. तसं लिहिण्याची पेपरमध्ये पद्धत नसते, हे बाबांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. उठून आत गेले. आईनं दोघींची पानं वाढली आणि बाबांचं ताट आतल्या खोलीत नेऊन दिलं. जेवताना आई शेजारणीच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिली, ताई हं हं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रस्ताव मागं घेतला. नावं ठरवणाऱ्या समितीनं कळवलं, की दुसरं नाव सुचवावं, घाई नाही. तिला अजून सुचलेलं नाही.